चव्वेचाळीस पावलं

सांडू काळवणेला माणसं मोजायची खोड होती. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर, त्यातली निम्मी कन्नडच्या घाटात उभ्यानं गेली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी लग्नात गेला की पंगतीतली डोकी मोजणार, मयतीला गेला की तिरडीमागची माणसं मोजणार. बायकोला झटका आला त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या किती होत्या, हेसुद्धा त्याला पाठ होतं. अशा माणसानं मोजणीतच माती खावी, हे ऐकायला कसंतरी वाटतं. पण खाल्ली खरी.

उस्मानपुऱ्यात, स्टेशनकडं जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागून त्यांची गल्ली. गल्लीच्या तोंडासमोर रस्त्याचा दुभाजक सहा फूट तुटलेला होता. तो कोणी तोडला, कधी तोडला, कोणाला आठवत नव्हतं. त्या जागेला सगळे ‘कट’ म्हणायचे. दूध, दळण, शिकवणी, रिक्षा, दवापाणी, सगळ्यासाठी गल्लीतली माणसं त्या कटातून पलीकडं जायची. पलीकडं अगदी समोर निजामुद्दीनचं कुकर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं आणि मागं त्याचं घर. त्याची बायको अनवरी दुकानाच्या ओट्यावर बसून दुपट्ट्यांना लेस लावायची.

अनवरी आणि सांडूची बायको द्वारकाबाई यांची ओळख टँकरच्या रांगेतली. एका उन्हाळ्यात दोघी हंड्यावरून अशा भांडल्या की पुढची वीस वर्षं एकमेकींशिवाय दोघींचा चहा गोड लागला नाही. झटक्यानं द्वारकाबाईची उजवी बाजू गेली आणि वाचा कालवली गेली. शब्द निघायचे, पण एकात एक मिसळून. सांडूला त्यातला एक धड कळत नव्हता. पाणी मागतेय म्हणून त्यानं पाणी द्यावं तर ती ग्लास ढकलून द्यायची. अनवरीला मात्र सगळं कळायचं. कसं, ते देव जाणे. द्वारकाबाई काहीतरी पुटपुटायची आणि अनवरी दोरा दातानं तोडत म्हणायची, “कंडक्टर, ती बोलतीय की तुमी भाजीत मीठ टाकायचं इसरता आन वरून तिलाच इचारता.” मग द्वारकाबाई अर्ध्या तोंडानं हसायची. दिवसातून तेवढं एकदाच हसायची.

म्हणून रोज दुपारी चार वाजता सांडू तिला पलीकडं न्यायचा. तिच्या डाव्या हातात काठी, उजवा दंड त्याच्या मुठीत, आणि त्याच्या दातात नोकरीतली जुनी शिट्टी. चव्वेचाळीस पावलं. बाविसाव्या पावलावर कट यायचा, तिथं मिनिटभर टेकायचं, मग पुढची बावीस. गाड्या हॉर्न मारायच्या, शिव्याही द्यायच्या. हा शिट्टी फुंकत हात आडवा धरून उभा राहायचा. एके दिवशी एका मोटरसायकलच्या हँडलात द्वारकाबाईचा पदर अडकला आणि ती गर्रकन फिरली. पडली नाही एवढंच. त्या रात्री सांडूनं पहिला अर्ज लिहिला: कटाच्या जागी पांढरे पट्टे मारावेत, सिग्नल बसवावा, काठीवाल्यांना चढता येईल असा उतार करावा. असे तीन अर्ज झाले. तिसऱ्यावर त्यानं खाली ‘छत्रपती संभाजीनगर’ असं ठसठशीत अक्षरात लिहून दुहेरी रेघ ओढली. त्या रेघेनं काम झालं अशी त्याची समजूत होती, कारण महिन्याभरात माणसं आली.

माणसं म्हणजे एकच मुलगी. श्रेया नाव, एका खासगी कंपनीत नवी लागलेली, पाठीवर बॅग, गळ्यात ओळखपत्र. रस्ता मोकळा कसा वाहील आणि पायी चालणाऱ्यांची सोय कशी होईल, याचा अहवाल तिच्या कंपनीनं करायचा होता. मोजणीच्या आदल्या दिवशी ती जागा बघून गेली.

“काका, उद्या सकाळी सात ते संध्याकाळी सात इथं मोजणी आहे. किती माणसं रस्ता ओलांडतात ते मोजायचंय.”

“मोजा की मॅडम. मोजल्याबिगर कसं व्हईल.”

बाकी त्यानं काही विचारलं नाही. मोजणी कशासाठी, आकडा जास्त आला तर काय, कमी आला तर काय, एवढं विचारलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण एसटीतला माणूस तपासणीवाल्याला प्रश्न विचारत नाही. सांडू एकदा घाटात सापडला होता. तपासणीची जीप आडवी आली, साहेब गाडीत चढला, त्यानं बोटानं डोकी मोजली, आणि तिकिटांपेक्षा चार डोकी जास्त निघाली. सोयगावच्या चार म्हाताऱ्या होत्या, दया येऊन फुकट घेतलेल्या. तीन महिने घरी बसावं लागलं. तेव्हापासून त्याच्या हाडात एक गोष्ट मुरली होती. मोजायला साहेब आला आणि डोकी जास्त निघाली, की कंडक्टर मेला.

तर सांडू कामाला लागला. दारोदार फिरला. “उद्या चेकिंग हाय. कटातून कोणी जायचं नाय. चौकातल्या सिग्नलवरून वळसा घालून जायचं. एक दिवसाचा परश्न हाय. आपली गल्ली शिस्तीची दिसली तर सिग्नल मिळतोय, नायतर हाय तेबी जाईल.” मागं कुणीतरी दंडाची पुडी सोडली आणि पुढचं काम त्या पुडीनं केलं. दंड म्हटल्यावर बायकांनी दळण आजच आणून टाकलं, शिकवणीवाल्यांनी सुट्टी दिली. निजामुद्दीनला त्यानं पलीकडं जाऊन सांगितलं.

निजामुद्दीन कुकरच्या झाकणाचं रबर ओढत म्हणाला, “कंडक्टर, गिनने आरे ना वो? तो लोगां दिखने को होना ना? कायकू छुपारे?”

“तुमाला नाय कळायचं, भाई. मी एकतीस वर्षं चेकिंग बघितली हाय.”

निजामुद्दीनला कळलं होतं. पण समोरचा माणूस कंडक्टर, आणि कंडक्टरशी वाद घालून कोणाला सुट्टे पैसे मिळाले आहेत? त्यानं रबर झाकणात बसवायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सांडूनं श्रेयाला घरातली प्लास्टिकची खुर्ची नेऊन दिली, लिंबाच्या सावलीत नीट मांडली. तिच्या हातात आकडे मोजायचं छोटं यंत्र होतं, एक माणूस गेला की एकदा दाबायचं. मांडीवर रकान्यांचा कागद. सांडू स्वतः गल्लीच्या वळणाआड उभा राहिला, तिला दिसणार नाही असा, आणि येणाऱ्या प्रत्येकाला मागं फिरवत राहिला. एका बाळंतिणीला फिरवलं. ताप आलेल्या पोरीला खांद्यावर घेतलेल्या बापाला फिरवलं. “एकच दिवस, दादा, एकच दिवस.” पोटासाठी हात जोडावेत तसे हात जोडत होता. अधूनमधून चहा घेऊन श्रेयाकडं जायचा आणि यंत्रावरचा आकडा चोरून बघायचा. दुपारी दोनपर्यंत नऊ. ते नऊही बाहेरचे, गल्लीचे नव्हेत. सांडूची छाती फुगली. नोकरीत त्याची गाडी इतकी स्वच्छ कधी सापडली नव्हती.

“काका, रोज इतकेच लोक असतात?” श्रेयानं विचारलं. तिच्या कपाळावर आठी होती. “तुमच्या अर्जात तर गर्दी लिहिली होती.”

“रोज असंच असतंय, मॅडम. शिस्तीची वस्ती हाय आमची.”

तिनं ते लिहून घेतलं.

चार वाजले. द्वारकाबाई खाटेवरून उठली, काठी घेतली, चपलेत डावा पाय घातला आणि उजव्यासाठी त्याची वाट बघत उभी राहिली. सांडू धावत घरी आला. “आज नाय, द्वारके. आज चेकिंग हाय. उद्या जाऊ.” ती काहीतरी बोलली. त्याला कळलं नाही. ती दाराकडं सरकली. त्यानं तिला धरून बसवलं, ती पुन्हा उठली. मग त्यानं बाहेर येऊन दाराला कडी घातली. बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

आतून काठीनं दार वाजायला लागलं. ठक, ठक, थांबून पुन्हा ठक. घर गल्लीच्या तोंडाशीच होतं; सांडू लिंबाखाली परतला तरी आवाज तिथवर येत होता. श्रेयानं मान वळवली. “काका, काहीतरी वाजतंय.”

“शेजारी बांधकाम चालू हाय,” सांडू म्हणाला.

पाचपर्यंत बांधकाम चालू होतं, मग बंद झालं. साताला श्रेयानं कागद पुढं केला, स्थानिक रहिवासी म्हणून सही लागत होती. सांडूनं पूर्ण नावानं सही केली, खाली दुहेरी रेघ ओढली. रात्री द्वारकाबाई जेवली नाही. तो तिला समजावत राहिला की आता सिग्नल येणार, पट्टे येणार, आणि हे सगळं तिच्यासाठीच चाललंय. तिनं भिंतीकडं तोंड केलं.

दोन महिन्यांनी गाडी आली, सिमेंट कालवायचा मिक्सर आला, कामगार आले. गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. सांडूनं कामगारांना पाणी पाजलं. संध्याकाळपर्यंत सहा फुटांचा कट काँक्रीटनं भरला आणि त्याच्यावर छातीइतकी लोखंडी जाळी उभी राहिली, या चौकापासून त्या चौकापर्यंत सलग. गाड्या आता सुसाट जाणार होत्या. पायी माणसानं पलीकडं जायचं तर चौकापर्यंत सातशे पावलं, सिग्नल, आणि पलीकडून परत सातशे.

गल्लीनं सांडूला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. माणसं फक्त त्याला बघितलं की थांबायची आणि विचारायची, “काय कंडक्टर, आज चेकिंग हाय का? नाय, घरात बसायचं का भाईर पडायचं ते सांगा.” पोरं त्याच्या मागं शिट्ट्या फुंकायची. त्या ताप आलेल्या पोरीचा बाप एकदा त्याच्या पायाशी थुंकला आणि निघून गेला.

सांडू श्रेयाच्या ऑफिसात गेला. तिनं त्याला बसायला दिलं, ऐकून घेतलं. खरी गोष्ट ऐकून ती खुर्चीतून उठली.

“काका, जितकी जास्त माणसं, तितकी सोय. कमी असली की कट बंद. एवढंच होतं हो. मला विचारायचं तरी.” तिनं कपाटातून तो कागद काढला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. “आणि हा बघा. काठीवाले, कुबडीवाले, चाकाच्या खुर्चीवाले. यात एक जरी आकडा असता ना, तरी कट बंद करता आला नसता. उतार आणि पट्टे द्यावेच लागले असते, बाकी गर्दी असो नसो. एकसुद्धा दिसलं नाही मला.”

सांडूनं त्या रिकाम्या चौकोनाकडं बघितलं. त्याच्या कानात काठी वाजत होती. कडीचं त्यानं तिला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

“सहा महिन्यांनी पुन्हा मोजणी असते,” श्रेया म्हणाली. “तेव्हा काही झालं तर.”

ते सहा महिने कसे गेले ते थोडक्यात सांगतो, कारण सांगण्यासारखं त्यात काही नाही. अनवरी तीन दिवस सातशे आणि सातशे पावलं तुडवत आली. तिचं वजन, तिचे गुडघे. चौथ्या दिवशी गुडघे सुजून भोपळे झाले आणि निजामुद्दीननं तिला ओट्यावरच बसवलं. सांडूनं रिक्षा केली, तर चढवताना द्वारकाबाईचा पाय पायरीवरून निसटला आणि ती हनुवटीवर आपटली. मग रिक्षा दिसली की ती ओरडायची. मग तो तिला चार वाजता गल्लीच्या तोंडाशी खुर्चीवर नेऊन बसवू लागला. पलीकडून अनवरी हात हलवायची. मध्ये जाळी, जाळीच्या दोन्ही बाजूंना बस, ट्रक, रिक्षांचा लोंढा. द्वारकाबाई बोलायची. पलीकडं अनवरी कानाला हात लावून दाखवायची, ऐकू येत नाही. पावसाळा लागेपर्यंत द्वारकाबाईनं बोलणं सोडलं. पुढं खुर्चीवर बसणंही सोडलं. चार वाजले की ती भिंतीकडं तोंड करायची, आणि त्यावरून सांडूला घड्याळ न बघता कळायचं की चार वाजले.

ऑगस्टात श्रेया पुन्हा आली. या वेळी खांबावर कॅमेरा लावला होता. सांडू पहाटेपासून दारोदार फिरला. आता उलटं सांगत होता. “जाळीपर्यंत तरी या. नुसतं उभं राहा. तिला दिसू द्या की आपल्याला जायचंय.” हात तसेच जोडलेले होते.

माणसांनी दारातूनच त्याला बघितलं. “नको बाबा,” बाळंतीण म्हणाली. तिचं पोर आता रांगत होतं. “आज चेकिंग हाय. आमी शिस्तीत घरीच बसतो.” आत कोणीतरी हसलं. शेजारच्यांनी दार लावून घेतलं. सकाळपासून कटाच्या जागी एक चिटपाखरू फिरकलं नाही. गल्लीनं त्याच्याकडूनच शिकलेलं त्याला परत दिलं, अगदी मोजून.

तीन वाजले तरी कोणी आलं नव्हतं. एक रकाना होता. एकच आकडा हवा होता. आणि तो आकडा त्याच्या घरात खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता.

“ऊठ, द्वारके. अनवरीकडं जायचंय.”

तिनं मान हलवली. नाही. तो तिला उठवायला लागला. ती अंग जड करून पडली. त्यानं काखेत हात घालून तिला उभं केलं, चपला घातल्या, काठी बोटांत कोंबली. ती रडत होती, त्याला ते दिसत होतं, आणि तरी तो तिला ओढत रस्त्यावर घेऊन गेला. शिट्टी फुंकली. पण सहा महिन्यांत गाड्यांना या जागी थांबायची सवय राहिली नव्हती. एक बस इतकी जवळून गेली की तिच्या वाऱ्यानं द्वारकाबाईचा पदर डोक्यावरून उडाला. तीन, चार, पाच. तो मोठ्यानं मोजत होता. पलीकडून अनवरी ओट्यावरून उठली, लंगडत कडेला आली आणि दोन्ही हात वर करून ओरडायला लागली, “मार डालता क्या रे उसको! घर को ले जा!” हॉर्नमध्ये तिचं निम्मंही इकडं पोचत नव्हतं. एकोणीस, वीस, एकवीस, बावीस.

बाविसाव्या पावलावर जाळी होती. द्वारकाबाईनं डावा हात जाळीत अडकवला आणि ती तिथं लोंबकळल्यासारखी उभी राहिली. सांडू लिंबाकडं वळून ओरडला, “लिहा मॅडम! काठीवालं माणूस! एक! एक लिहा!”

श्रेया खुर्चीवरून उठून कडेपर्यंत धावत आली होती. “काका, मागं या आधी. गाड्या बघा.”

“लिहिलं का?”

“पलीकडं पोचल्याशिवाय ओलांडलं असं धरत नाहीत, काका. अर्ध्यातून परत आलेलं मोजत नाहीत. आणि आता कॅमेरा आहे, माझ्या हातात काही नाही.” बोलता बोलता ती येणाऱ्या गाड्यांना हात दाखवत होती. “मागच्या वेळी होतं.”

तेव्हा द्वारकाबाई बोलली. कित्येक आठवड्यांनी बोलली, जाळीला तोंड लावून, पलीकडं बघत. लांब वाक्य होतं. मध्ये थांबून तिनं श्वास घेतला आणि पुन्हा तेच बोलली. अनवरी कानामागं हात धरून पुढं वाकली होती, आणि मध्ये ट्रक जात होते.

“काय म्हणतीस?” सांडूनं विचारलं. “द्वारके, काय म्हणतीस? मला सांग की.”

तिनं त्याच्याकडं बघितलं. तिसऱ्यांदा ती बोलली नाही.

परतीची बावीस पावलं त्यानं मोजली नाहीत. श्रेयानं रस्त्यात उतरून हात आडवा धरला म्हणून दोघं पोचले. दारापाशी आल्यावर द्वारकाबाईनं त्याच्या मुठीतून दंड सोडवून घेतला, चौकट धरून एकटी उंबरा चढली आणि वळून खांद्यानं दार लोटलं. आधी काठी खाली पडल्याचा आवाज आला, मग आतली कडी लागल्याचा. डाव्या हातानं कडी लावायला तिला बराच वेळ लागला. सांडू बाहेर उभा राहून तो खडखडाट ऐकत राहिला. दार एका धक्क्यानं उघडलं असतं. त्यानं धक्का दिला नाही. त्यानं बोटानं दार वाजवलं, थांबला, पुन्हा वाजवलं. मग पायरीवर बसला.

साताला श्रेया सामान आवरून गल्लीत आली. तिचे डोळे लाल होते. “काका, थोडं पाणी मिळेल?” बंद दाराकडं बघून तिनं विचारलं, “घरात कोणी नाही का?”

“हाय,” सांडू म्हणाला. “पर आज ती उघडत नाय.”

श्रेयानं बॅगेतून कागद काढला आणि त्याच्यापुढं धरला. स्थानिक रहिवाशाची सही लागत होती. सांडूनं सगळे रकाने वाचले. काठीवाल्यांच्या रकान्यात शून्य होतं. त्यानं खाली सही केली आणि पेन परत दिलं.